यूपीएसचा हिरवा दिवा आणि हुकलेली पहिली फेरी

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त मधलं अडखळणं काढलंय.)

आजचा भाग मी कळंबमधून, माझ्या दुकानातूनच रेकॉर्ड करतोय. मागे समुद्राचा आवाज येत असेल तर तो इफेक्ट नाही हां, खराच आहे. ज्यांना कळंब माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नालासोपारा स्टेशनला पश्चिमेला उतरायचं, निर्मळवरून पुढे यायचं आणि रस्ता संपून वाळू लागली की आलं कळंब. शनिवार-रविवार तुम्ही फिरायला येता ना, तेच. आम्ही सोमवार ते शुक्रवारसुद्धा इथेच असतो.

माझं दुकान म्हणजे झेरॉक्स, प्रिंट, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक राउटर. आणि टेबलाखाली एक काळा डबा, यूपीएस. आज त्या डब्याबद्दल बोलायचंय. विषय कंटाळवाणा वाटेल, पण पाच मिनिटं थांबा. ह्या डब्यामुळे एका मुलीचं एक वर्ष तरी अवघड झालं, आणि चूक डब्याची नव्हती, माझी होती.

झालं असं. दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचे दिवस. पहिल्या फेरीसाठी कॉलेजांचा पसंतीक्रम भरून लॉक करायचा शेवटचा दिवस, संध्याकाळी सहापर्यंत वेळ. आमच्याच आळीतली एक मुलगी वडिलांबरोबर आली. मार्क चांगले होते. वसईतलं एक कॉलेज तिने आधीच ठरवून टाकलेलं, मैत्रिणीही तिथेच जाणार होत्या. साइट हळू चाललेली, तुम्हाला अनुभव असेलच. पाच वाजून वीस मिनिटांनी यादी भरून झाली. आता फक्त लॉकचं बटण.

आणि लाइट गेली.

यूपीएसने एकदा "टीं" केलं. एकदाच. दुसरी टीं आलीच नाही. स्क्रीन काळी, राउटर बंद, सगळं शांत. बाहेर फक्त पाऊस.

तुम्ही म्हणाल, मोबाइलवरून का नाही केलं? केलं ना, प्रयत्न केला. पण तिचा पासवर्ड मी कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये टाइप करून ठेवलेला, तोही सेव्ह न करता. नवा पासवर्ड घ्यायचा तर ओटीपी हवा, आणि लाइट गेल्यावर दहा मिनिटांत मोबाइलचं नेटवर्कही गेलं. वडील फोन हातात धरून रस्त्यावर छत्रीत उभे, नेटवर्क शोधतायत. सहा वाजले. लाइट सव्वासातला आली.

पहिली फेरी हुकली. दुसऱ्या फेरीत तिला कॉलेज मिळालं, पण लांबचं. अजून रोज बस, मग ट्रेन, मग रिक्षा. मला वाटलं होतं, तिचे वडील भांडतील. भांडले नाहीत. जाताना टेबलाखाली बोट दाखवून एवढंच म्हणाले, "मग हा डबा कशाला ठेवलायस रे?" अजूनही झेरॉक्स काढायला माझ्याकडेच येतात. तेच जास्त लागतं मनाला.

दुसऱ्या दिवशी नालासोपाऱ्याहून मेकॅनिक काका आले. डबा उघडला. आतली बॅटरी बाजूंनी फुगलेली, टर्मिनलवर पांढरी भुकटी जमलेली. मी म्हटलं, "काका, पण हिरवा दिवा तर रोज लागायचा!" ते म्हणाले, "दिवा सांगतो लाइट आहे. बॅटरी जिवंत आहे असं तो कधी म्हणाला?"

मंडळी, आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आता थोडं समजून घेऊ. तुमच्या फोनमध्ये बॅटरी हेल्थ दिसते, किती टक्के उरली वगैरे. साध्या यूपीएसमध्ये तसं काही नसतं. आत साधारण बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी असते. स्कूटरच्या बॅटरीची बहीणच. लाइट असताना यूपीएस तिला चार्ज करत राहतो आणि कॉम्प्युटरला मेन लाइनवरूनच वीज देतो. लाइट गेली की काही मिलिसेकंदांत बॅटरीवर उडी मारतो. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, म्हणजे एक हेलकावा वीस मिलिसेकंदांचा. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये साधारण तेवढा वेळ तग धरण्याइतकी वीज साठलेली असते. त्या फटीत यूपीएसने काम केलं तर तुम्हाला कळतही नाही. घरातला साधा इन्व्हर्टर इथेच कमी पडू शकतो. पंख्याला अर्धा क्षण चालतो, कॉम्प्युटरला नाही. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते ह्यासाठीच असतं.

मग माझी बॅटरी फसवी कशी निघाली? म्हातारी बॅटरी नुसतं मोजलं तर बारा-साडेबारा व्होल्ट दाखवते. ठणठणीत वाटते. पण लोड पडला की दोन सेकंदांत बसते. घरी बसून ठीक दिसणारा माणूस जिना चढताना धापा टाकतो, तसं. म्हणून नुसतं मीटर लावून काही कळत नाही, लोडवरच बघावं लागतं. आणि खूण तर मिळालीच होती. आधीचे तीन-चार महिने लाइट जरा लपकली की कॉम्प्युटर रीस्टार्ट व्हायचा. मी विंडोजला शिव्या घालत बसलो!

तर आता मी काय करतो ते सांगतो.

पहिलं, महिन्याला एक चाचणी. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या फाइल सेव्ह करतो, कॉम्प्युटर चालू ठेवतो आणि भिंतीवरचं यूपीएसचं बटण बंद करतो. मोबाइलवर स्टॉपवॉच लावायचं. पाच मिनिटं आरामात चालला तर पास. मग बटण चालू, आणि भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर तारीख लिहायची. बॅटरी पूर्ण संपेपर्यंत मात्र ताणू नका, लेड-अॅसिडला ते सोसत नाही.

दुसरं, हिशोब. बारा व्होल्ट गुणिले सात, म्हणजे चौऱ्याऐंशी वॅट-अवर. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून एकशेवीस वॅट खात असतील तर कागदावर बेचाळीस मिनिटं येतात. खूश होऊ नका! ही बॅटरी भराभर उपसली की पूर्ण वीज देत नाही, आणि बॅटरीची वीज घरच्या विजेत बदलतानाही काही वाया जाते. नवी असताना पंधरा-वीस मिनिटं मिळाली तरी चांगलं समजायचं. यूपीएस हा काम करत बसण्यासाठी नाही. काम सेव्ह करून नीट बंद करण्यासाठी आहे. आणि डब्यावर ६०० व्हीए लिहिलंय म्हणजे ६०० वॅट नाही हां. मागच्या स्टिकरवर वॅट वेगळे असतात, बऱ्याचदा ३६० च्या आसपास. तो आकडा बघा.

तिसरं, काय लावायचं आणि काय नाही. लेझर प्रिंटर यूपीएसवर नको म्हणजे नकोच. तो गरम होताना एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळंच बंद पडतं. झेरॉक्स मशीन नको, मिक्सर नको, इस्त्री तर विचारूच नका. पण राउटर नक्की लावा! कॉम्प्युटर चालू आणि इंटरनेट बंद, तर काय उपयोग? राउटर दहा-पंधरा वॅट खातो फक्त. आता राउटरसाठी वेगळे छोटे यूपीएस मिळतात, ते काही तास चालतात. मी तोही घेतलाय.

चौथं, जागा. ह्या बॅटरीचा शत्रू म्हणजे उष्णता. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक दहा अंशांना तिचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. आपल्याकडे पत्र्याच्या दुकानात मे महिन्यात काय होत असेल, विचार करा. डब्याच्या जाळीवर फाइली ठेवायच्या नाहीत, भिंतीपासून वीतभर लांब ठेवायचा. आणि समुद्राजवळ राहणाऱ्यांनो, खारी हवा लोखंड खाते ते तुम्ही खिडकीच्या गजांवर बघताच. तीच टर्मिनल खाते. म्हणून यूपीएस खिडकीखाली नको. आणि जमिनीवरही नको. जुलै २०१८ चा पूर आठवतोय ना? वसई-नालासोपाऱ्यात किती घरांत पाणी शिरलेलं. माझा डबा आता कमरेएवढ्या उंच फळीवर असतो.

पाचवं, बॅटरी बदलणं. साधारण दोन-तीन वर्षांनी बदलावीच लागते. येत असेल तरच स्वतः करा. आधी कॉम्प्युटर बंद, यूपीएस बंद, प्लग भिंतीतून बाहेर. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. डबा उघडल्यावर वायरींचा फोटो काढा. आधी काळी वायर काढा, मग लाल. लावताना उलट, आधी लाल, मग काळी. दोन टर्मिनल एकदम स्क्रूड्रायव्हरने शिवू नका, ठिणगी उडते. बाजूच्या सर्किट बोर्डला हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते. नवी बॅटरी त्याच व्होल्टची, त्याच मापाची. लावल्यावर सात-आठ तास चार्ज होऊ द्या, मग चाचणी. बॅटरी फुगलेली असेल, गळत असेल, जळका वास येत असेल तर हिरोगिरी नको, मेकॅनिकला बोलवा. आणि तिच्यात पाणी घालायचं नसतं! इन्व्हर्टरची मोठी बॅटरी वेगळी, ही वेगळी.

अजून एक. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये जुगाड करून लावू नका. ती तिसरी पिन अर्थिंगची आहे, शोभेची नाही.

सहावं, जुन्या बॅटरीचं काय? आत शिसं आणि अॅसिड आहे. कुणाला फोडायला देऊ नका, वाडीच्या कडेला तर अजिबात टाकू नका. आपल्या वसईत अजून बावखलं आहेत, विहिरी आहेत, केळी आणि भाजीच्या वाड्या आहेत. शिसं एकदा पाण्यात-मातीत गेलं की राहतंच. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुन्हा वापरात आणायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानात परत द्या, थोडे पैसेही कमी होतात.

काही जण म्हणतील, आमच्या सोसायटीत लाइट जातच नाही. १२ ऑक्टोबर २०२० आठवा. सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास अख्खी मुंबई आणि आजूबाजूचा परिसर अंधारात. लोकल जागच्या जागी थांबलेल्या, मुंबई विद्यापीठाला त्या दिवसाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. मग १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. झाडं पडली, खांब पडले, तारा तुटल्या. तेव्हा सगळ्यांची कामं, शाळा घरातूनच चालू होती. एवढ्या मोठ्या खंडाला डबा पुरणार नाही, मान्य. पण हातातलं काम सुखरूप ठेवायला पाच मिनिटं पुरतात.

आणि खरं सांगू? त्या दिवशी बॅटरीपेक्षा मोठी चूक वेगळीच होती. मी डब्याच्या भरवशावर पासवर्ड कुठेच लिहिला नव्हता. आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, हे त्या मुलीला सांगितलंही नव्हतं. आता प्रत्येक फॉर्मचा पासवर्ड मुलांनी स्वतःच्या वहीत लिहायचा, माझ्यासमोर. लॉकचं बटण शक्यतो आदल्या दिवशी. आणि लाइट गेली की आधी सेव्ह, मग बाकीचं.

ती मुलगी आता बारावीला आहे. मागच्या महिन्यात कसलातरी फॉर्म भरायला आली. मी बसा म्हणायच्या आत तिने वाकून फळीवर बघितलं आणि विचारलं, "दादा, चाचणी केली का ह्या महिन्याची?" मी भिंतीवरचा कागद दाखवला. तारीख वाचली, मगच वही उघडली तिने. बरोबरच आहे तिचं.

तर मंडळी, हा भाग संपला की उठा, फाइली सेव्ह करा आणि भिंतीवरचं बटण बंद करून बघा. किती मिनिटं चालला ते मला व्हॉइस नोट करून कळवा. एका मिनिटात बंद पडला तरी कळवा, लाजू नका. माझा तर एका टीं मध्ये गेला होता.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, सेव्ह करत राहा!