आधी माल बघा, मग स्कॅनर
(घाटकोपर येथे छोट्या दुकानदारांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

रविवारचं गिऱ्हाईक सोडून आलात, तेव्हा थेट विषयावर येतो.

असल्फाच्या चढावर माझ्या खालाचं किराणा दुकान आहे. पुड्यावरची बारीक छापील किंमत तिला दिसत नाही. सगळे भाव तोंडपाठ आहेत ते सातवीतल्या नातवाला. त्यामुळे शिकवणी असो की चाचणी, संध्याकाळी गल्ल्यावर तोच. पोराला मोकळं करायचं म्हणून आम्ही स्कॅनर घ्यायचं ठरवलं.

पहिली खरेदी माझी चुकली. विकणारा म्हणाला, ‘सगळे हाच नेतात’, मी नेला. एका लाल रेषेचा, लेसरवाला. त्याची रेष बारकोडच्या सगळ्या काळ्या पट्ट्यांवरून आडवी जावी लागते. साबणाच्या खोक्यावर हे सोपं. चुरगळलेल्या मसाल्याच्या पाकिटावर खाला पाच वेळा हात फिरवायची आणि शेवटी नातवाला हाक मारायची. दुसरा घेतला तो कॅमेऱ्यासारखा फोटो काढून वाचणारा, टूडी म्हणतात तो. पाकीट आडवं-तिडवं धरलं तरी चालतं, क्यूआरही वाचतो आणि मोबाइलच्या पडद्यावरचा कोडही. साध्या लेसरला पडद्यावरचं बहुधा वाचता येत नाही. तेव्हा दुकानात जाताना आपल्याकडची सगळ्यात वाईट चार पाकिटं सोबत न्या आणि तिथेच वाचून बघा.

यूपीआयसाठी मात्र स्कॅनर घेऊ नका. आपला क्यूआर गिऱ्हाईकच त्याच्या मोबाइलने वाचतो.

आता जोडणी. घाबरायचं काही नाही. यूएसबी वायरचा स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्डच वाटतो. वायर लावा, नोटपॅड उघडा, पार्ले-जीचा पुडा धरा. ८९० ने सुरू होणारे १३ आकडे उमटले आणि कर्सर खालच्या ओळीवर गेला, की काम झालं. कर्सर तिथेच राहिला तर सोबतच्या पुस्तिकेतला ‘एंटर’चा कोड एकदा स्कॅन करा. म्हणून ती पुस्तिका टाकू नका. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर आकडे देवनागरीत उमटतात आणि बिलाच्या सॉफ्टवेअरला माल सापडत नाही. आमचा एक अख्खा दिवस त्यात गेला. आधी इंग्रजी कीबोर्ड निवडा.

बिल मोबाइलवर करत असाल तर ब्लूटूथचा घ्या. पण तो जोडला की पडद्यावरचा कीबोर्ड गायब होऊ शकतो, कारण फोनला वाटतं खरा कीबोर्ड लागला. फोन बिघडलेला नसतो, सेटिंगमधून तो परत आणता येतो. बिनवायरचा चार्जही करावा लागतो. गल्ला एकाच जागी असेल तर वायरचाच बरा.

जाता जाता, ८९० म्हणजे ‘भारतात बनलेलं’ असा मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतो. तसं नाही. कंपनीने तो नंबर जीएस१ इंडियाकडून घेतला, एवढंच त्यातून कळतं. माल कुठेही बनलेला असू शकतो.

आणि खरी मेहनत पुढे आहे. पुड्यावरच्या त्या बारकोडमध्ये किंमत नसते, फक्त नंबर असतो. किंमत आपल्या यादीत आपणच भरायची. खालाच्या दुकानात सहाशेच्या वर वस्तू, रोज रात्री तासभर बसून आम्ही त्या भरल्या. कंपनीने भाव वाढवला तरी बारकोड बहुतेक वेळा तोच राहतो. म्हणजे जुन्या छापील किमतीच्या पुड्यावर नव्या भावाचं बिल निघू शकतं, आणि गिऱ्हाईक आपल्यालाच लबाड म्हणणार. नवा माल आला की आधी छापील किंमत बघा, यादी बदला, जुना माल वेगळा ठेवा.

सुट्या डाळ-तांदळाला बारकोड नसतो. वजन करून पुड्या बांधा आणि स्वतःचं लेबल छापा. त्यावर ८९० टाकू नका, तो दुसऱ्या कुणाचा नंबर निघेल. २ ने सुरू होणारे, २०० ते २९९ पर्यंतचे, दुकानाच्या आतल्या वापरासाठीच राखलेले आहेत.

नातू आता संध्याकाळी शिकवणीला जातो. खाला मात्र अजून ‘बीप’ वाजला तरी पडद्यावरचा मोठा आकडा वाचल्याशिवाय वस्तू पिशवीत टाकत नाही.