तबकडीची दुसरी बाजू



आज आपल्याशी गाण्यांविषयी बोलायचे आहे. पण गाजलेल्या गाण्यांविषयी नव्हे. गाजलेली गाणी आपली काळजी घ्यायला समर्थ असतात. मागे राहिलेल्या, अडगळीत पडलेल्या गाण्यांची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे, म्हणून हे भाषण.

ज्यांच्या घरी एके काळी चावीचा ग्रामोफोन होता, त्यांना तबकडीच्या दोन बाजू आठवत असतील. एका बाजूला ते गाणे, ज्याच्यासाठी पैसे मोजून तबकडी घरी आणली. दुसऱ्या बाजूलाही एक गाणे असे. कारण बाजू रिकामी कशी सोडायची? पहिली बाजू वाजून वाजून झिजे, खरखरू लागे. दुसरी बाजू मात्र नव्यासारखी राही. या दुसऱ्या बाजूला कोण विचारतो, असे आपण म्हणू. पण पाश्चात्त्य देशांतल्या कंपन्या नेमकी असलीच गाणी वेचून त्यांचे वेगळे संग्रह काढतात. दुसऱ्या बाजूची गाणी, गाऊन बाजूला ठेवलेली गाणी, एकाच गाण्याचे निराळे पाठ, असा सगळा ऐवज त्यांत असतो. लोक ते आवडीने विकत घेतात.

उदाहरण सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात हॉथॉर्न नावाचे गाव आहे. तिथे 1961 साली पाच पोरांनी एक गाणारी मंडळी काढली. तिचे नाव 'बीच बॉईज', म्हणजे समुद्रकाठची पोरे. त्यांत ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे विल्सन घराण्यातले तीन सख्खे भाऊ, चौथा त्यांचा आतेभाऊ आणि पाचवा एक मित्र. आपल्याकडे एखाद्या वाड्यातली पोरे भजनाला बसावीत, तसाच हा प्रकार. थोरला ब्रायन चाली बांधी आणि कोणी कुठला सूर धरायचा ते सांगे. त्याला एका कानाने जवळजवळ ऐकू येत नसे; पण दुसऱ्या कानाने त्याने जे ऐकले, ते दोन कानांच्या माणसांनाही साधत नाही. तो 2025 च्या जूनमध्ये वारला.

त्यांच्या गाण्यातली खुबी समजून घ्यायला हवी. आपल्या भजनात दहा टाळकरी असले तरी चाल एकच असते. कोणी वरच्या पट्टीत उचलतो, कोणी खालच्या. पण सगळे एकाच वाटेने जातात. त्यांच्या गाण्यात एकाच क्षणी एक जण षड्ज धरतो, दुसरा गंधार, तिसरा पंचम. आणि तिघांच्या मिळून जे ऐकू येते ते कोणा एकट्याच्या गळ्यातले नसते. याला आपण स्वरमेळ म्हणू. शाळेत पेटी असेल तर शिक्षकांनी मुलांना हे करून दाखवावे. सा, ग आणि प या तीन पट्ट्या आधी एकामागून एक दाबाव्यात, मग एकदम दाबाव्यात. मुलांना फरक सांगावा लागणार नाही.

या मंडळींची गाणी खूप गाजली. पुढे 1983 साली कंपनीने त्यांच्या दुर्मिळ गाण्यांची एक तबकडी काढली. तिच्यात काय आहे? 1963 च्या नाताळातल्या एका तबकडीच्या दुसऱ्या बाजूची प्रार्थना आहे, ती एकाही वाद्याशिवाय नुसत्या गळ्यांनी गायिलेली. त्यांचेच एक प्रसिद्ध गाणे जर्मन भाषेत गायिलेले आहे. 1962 साली गाऊन बाजूला ठेवलेले एक गाणे आहे. यांतले प्रत्येक गाणे उत्तम आहे असे मी म्हणणार नाही. काही तर सामान्यच आहेत. मग लोक ती का ऐकतात? घडवणाऱ्याचा हात तिथे दिसतो म्हणून. कुंभाराने भट्टीतून काढलेले मडके आपण पाहतो. पण चाकावरचा ओला गोळा पाहिला, म्हणजे मडके कसे झाले ते कळते.

याच मंडळींनी एक मोठा संग्रह करायला घेतला होता. तो 1967 साली अर्धवट टाकून दिला गेला. त्याच्या मूळ फिती मात्र कोणी फेकल्या नाहीत. त्या 2011 साली, म्हणजे 44 वर्षांनी, जगापुढे आल्या आणि जाणकारांनी त्यांचे कौतुक केले. टाकून दिलेली वस्तू फेकून दिली नाही, एवढेच कारण. टाकणे आणि फेकणे यांत केवढे अंतर आहे बघा!

आता आपल्याकडे येऊ. तबकड्यांसाठी गाणी मुद्रित करण्याचे काम आपल्या देशात 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला सुरू झाले. त्या पहिल्या गाणाऱ्यांत गौहर जान ही नामांकित गायिका होती. गाणे संपले की ती शेवटी आपले नाव इंग्रजीत सांगत असे. याचे कारण मोठे व्यवहारी आहे. मुद्रण इथे होई, पण तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत हॅनोव्हर शहरी. तिथल्या कारागिरांना हिंदुस्थानी गाणे कोणाचे हे कळायला काही मार्ग हवा, म्हणून गाणाऱ्यानेच नाव सांगायचे. त्या कारागिरांच्या सोयीसाठी केलेली ही युक्ती आज शंभर वर्षांनंतर आपल्या उपयोगी पडते. कागद फाटतो, वरची चिठ्ठी निघून जाते. पण गाण्याला चिकटलेले नाव जात नाही. हा मुद्दा आपण लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

किर्लोस्कर नाटक मंडळीतले भाऊराव कोल्हटकर 1901 साली वारले. तबकडी आली 1902 साली. एका वर्षाचे अंतर! ज्या गळ्याने महाराष्ट्राला वेड लावले, त्याची आज केवळ वर्णने वाचायची. पुढे बालगंधर्वांची गाणी तबकड्यांवर पुष्कळ आली आणि खेड्यापाड्यांत पोहोचली. पण तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तासभर रंगणारे पद त्यात कसे मावणार? तबकडीवर जे आले ते त्या गाण्याचा एक घास होता. पूर्ण पान नव्हे.

शाहिरांचे तर याहून कठीण. आपल्याच जिल्ह्यातले, बार्शीचे शाहीर अमर शेख, आणि त्यांच्याबरोबर अण्णाभाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांनी 1944 च्या सुमारास लाल बावटा कलापथक उभे केले. शाहिरी हे एकट्याचे गाणे नव्हे. पुढे शाहीर, मागे झीलकरी. शाहिराचा शब्द जिथे संपतो तिथून झीलकरी 'जी जी र जी' म्हणत सूर उचलतात, शाहिराला दम घ्यायला सवड देतात आणि सभेला धरून ठेवतात. शाहिराचे नाव इतिहासात राहते. मागच्या झीलकऱ्यांची नावे किती जणांना सांगता येतील? समूहाच्या गाण्यात सर्वांत आधी हरवतो तो मागचा आवाज.

मग हे हरवलेले जमवतो कोण? ज्यांना त्याचे वेड असते ते. जुन्या बाजारात, भंगारवाल्याकडे, पडक्या वाड्याच्या माळ्यावर तबकड्या शोधत हिंडणारी माणसे महाराष्ट्रात आहेत. अशांनी 1990 साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था काढली. कोणती तबकडी, कोणत्या कंपनीची, तिचा क्रमांक काय, गाणारे कोण, याची नोंद ठेवायला तिने शिकवले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी तर तबकडीवर कधीच न आलेल्या गाण्यांकडे, जात्यावरच्या ओव्यांकडे लक्ष दिले. गावोगाव फिरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या; पुढे कितीतरी ओव्या बायांच्या आवाजात मुद्रितही केल्या. मोलाची गोष्ट अशी की ओवीबरोबर बाईचे नाव आणि गाव लिहून ठेवले. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' हे संकेतस्थळ 2017 पासून त्या ओव्या लोकांपुढे ठेवीत आहे. आजीचे नाव आज नातीला तिथे वाचायला मिळते. यापेक्षा मोठा सन्मान कोणता?

आता आमच्या गावाकडे वळतो. कुंभारी हे सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरचे गाव. इथे मराठी आहे, कन्नड आहे आणि तेलुगूही आहे. विडी कामगार बायांसाठी बांधलेली दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत याच गावच्या शिवारात 2006 साली उभी राहिली. म्हणजे एका पारावर अभंग, दुसऱ्या घरी कन्नड वचन, आणि नवरात्रात फुलांची बतुकम्मा मांडून तिच्याभोवती फेर धरणाऱ्या तेलुगू लेकी-सुना. एकीने ओळ सांगायची, बाकीच्यांनी झेलायची. कॅलिफोर्नियाच्या पोरांनी जे पाच गळ्यांत साधले, त्याचा आपला प्रकार आपल्या अंगणात आहे. सूर वेगळे लावत नसू. पण एकमेकांच्या श्वासाला श्वास जोडायची कला तीच.

परंतु हे टिकेल काय? एक अनुभव सांगतो. आमच्या आळीतल्या एका घरात भजनाची एक कॅसेट निघाली. वरच्या चिठ्ठीवर बॉलपेनाने एकच शब्द: 'भजन'. लावून पाहिली. पखवाज सुरेख, चाल जुनी, आणि मागे एक खर्जातला आवाज असा की अंगावर काटा यावा. आम्ही चार म्हाताऱ्या माणसांना बोलावून ऐकवले. एकाने एक नाव सांगितले, दुसऱ्याने दुसरे. तिसरे म्हणाले, ही आपल्या गावची मंडळीच नव्हे. मध्येच भजन तुटले आणि सिनेमाचे गाणे सुरू झाले. कोणीतरी त्याच कॅसेटवर ते टेप केले होते. तो खर्जातला आवाज कोणाचा, हे आता कळायचे नाही. आवाज आहे, माणूस नाही. शेवटी आपले नाव सांगणाऱ्या गौहर जानची मला त्या वेळी आठवण झाली.

कोणी म्हणेल, सगळेच कशाला जपायचे? सगळेच काही चांगले नसते. म्हणणे खरे आहे. शेतकरीही सगळे धान्य बियाणे म्हणून ठेवीत नाही. पण निवडायचे कोणी आणि केव्हा, हा प्रश्न आहे. बाजाराने जे नाकारले ते वाईटच असते असे नाही, हे त्या 44 वर्षांच्या फितींनी दाखवून दिले. आपण आज ठेवावे. निवड उद्याच्या माणसांनी करावी. जे उरलेच नाही त्यातून निवडणार काय?

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्याला चार साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली. घरात लाखेच्या जुन्या तबकड्या असतील तर त्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा आणि उन्हापासून जपा. पुसायला स्पिरिट कधीही वापरू नका. लाख स्पिरिटात विरघळते. एल.पी.ची बारीक सुई या तबकड्यांच्या रुंद खाचेत नीट बसत नाही, म्हणून जाणकाराला विचारल्याशिवाय वाजवू नका.

दुसरी. कॅसेटच्या पाठीमागच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन इवल्या चकत्या असतात. त्या तोडल्या, की तिच्यावर चुकूनही दुसरे काही टेप होत नाही. आत पांढरी बुरशी दिसली तर मात्र ती यंत्रात घालू नका.

तिसरी. आता बहुतेक घरांत मोबाइल आहे. मुलांना सांगा, आजीचे गाणे मुद्रित करा. पण आधी तिची परवानगी घ्या. गाणे संपले की आजीलाच बोलू द्या: माझे नाव अमुक, माहेर अमुक, हे गाणे मला अमक्याने शिकवले, आज तारीख अमुक. मंडळी गात असतील तर प्रत्येकाने नाव सांगावे; टाळकऱ्यानेही आणि झीलकऱ्यानेही. आजी मध्येच अडखळली तर ते कापू नका. दुसऱ्या दिवशी तिने तेच गाणे निराळे म्हटले तर तेही ठेवा. एका गाण्याचे दोन पाठ असणे ही चूक नव्हे, श्रीमंती आहे.

चौथी. नक्कल एकाच ठिकाणी ठेवू नका. एक घरी, एक शाळेत. मोबाइल हरवतो, बिघडतो, बदलतो. आणि शाळेत एक वही ठेवा. तिच्यात गाण्याची भाषा, गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहा. वहीला वीज लागत नाही.

श्रोते हो, मोठ्या शहरांतल्या मोठ्या गाण्यांचे संग्रह कंपन्या काढतील. कुंभारीच्या गाण्यांचा संग्रह काढायला कुठलीही कंपनी येणार नाही. ते काम आपले आहे, आणि ते म्हातारी माणसे आपल्यात आहेत तोवरच होणार आहे. या आठवड्यात आपण प्रत्येकाने एक गाणे आणि एक नाव एवढे जरी जपले, तरी तबकडीची दुसरी बाजू मुकी राहणार नाही.