पंप ओढून दाखवावा

श्वासाच्या आजारात पंपाने (इनहेलरने) औषध घेण्याची रीत पंपागणिक बदलते. फवाऱ्याचा पंप आधी हलवायचा, श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची, सावकाश श्वास ओढायला सुरुवात होताच एकदा दाबायचे आणि दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखायचा. कॅप्सूलच्या भुकटीचे यंत्र याच्या नेमके उलट: त्यात श्वास जोरात, खोल ओढावा लागतो, नाहीतर भुकटी आतच राहते.

पऱ्हाटीची चूल, जिनिंगमधली धूळ, वणीकडचा कोळसा, पिकांवरच्या फवारणीचे दिवस श्वासाला बाधतात, हे यवतमाळकरांना सांगायला नको. अडतं ते शिकवण्यात. ‘समजलं ना?’ विचारले की रुग्ण मान डोलावतो. ‘करून दाखवा’ म्हटले की खरे काय ते कळते. कोणी टोपण न काढताच दाबतो, कोणाच्या ओठांच्या फटीतून औषध धुरासारखे बाहेर येते, तर कोणी कॅप्सूल पाण्याबरोबर गिळतो. मग घरी ठरते, पंप काही लागू पडला नाही. शिकलेली रीतही काही आठवड्यांत बिघडते, म्हणून दर खेपेला पुन्हा पाहावे लागते.

दाबणे आणि ओढणे यांचा मेळ बसत नसेल, तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, हवा. तो महाग वाटतो म्हणून पुष्कळजण घेत नाहीत. केपटाउनच्या डॉक्टरांनी 500 मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीचा स्पेसर करून मुलांवर वापरला. तापवलेल्या तारेने बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडले, पंप त्यात घट्ट बसवला, फट बंद केली आणि बाटलीचे तोंड मुलाच्या ओठांत दिले. दम्याच्या झटक्यात ती बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडली, असे 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. गरीब रुग्णाला स्पेसरवाचून ठेवायला कारणच उरत नाही.

‘पंपाची सवय लागते’ ही शंका प्रत्येक सभेत निघते. सालब्युटामॉलच्या गोळीत 4 मिलिग्रॅम औषध असते, एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळिसावा हिस्सा. पंप ही कमी औषधाची वाट आहे. धोका आहे तो दम्यात फक्त तात्पुरत्या आरामाच्या पंपावर दिवस काढण्यात. 2019 पासून दम्याची जागतिक मार्गदर्शक सूचनाही तसे करू नये असेच सांगते.

आणखी एवढे राहून चालणार नाही. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून पाणी थुंकावे, नाहीतर तोंडात बुरशी धरते. मे महिन्याच्या उन्हात फवाऱ्याचा पंप गाडीच्या डिकीत ठेवू नये, त्याच्या डबीत दाब असतो. पंप घेऊनही वाक्य पुरे बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर पंप घेत घेतच तडक दवाखाना गाठावा.

आणि पुढच्या खेपेला जाताना चिठ्ठीबरोबर घरातला पंपही पिशवीत घालावा. डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता त्यांच्यासमोर तो एकदा ओढून दाखवावा.