परसातली माणसे

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीस साहेबांनी मला ‘बागकामाचे फायदे’ हा विषय दिला आहे. बागेपासून भाजी मिळते, फुले मिळतात, हातापायांना व्यायाम होतो, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यासाठी आपला वेळ घेण्याचे कारण नाही. मी एकाच फायद्याविषयी बोलणार आहे. झाडांच्या नादाने जी माणसे एकत्र येतात ती एकमेकांच्या परसातून ये-जा करतात. पुढच्या ओटीवर बसून चहा पिऊन जाणाऱ्या पाहुण्याला घरातले फारसे कळत नाही. मागीलदारी येणाऱ्याला मात्र पंपाचे बटण कोठे आहे, घरातल्या आजीला कोणत्या कानाने ऐकू येते, थोरली मुलगी कितवीत आहे, हे सारे माहीत असते. घरात एकाएकी मोठे आजारपण आले म्हणजे या माहितीचे मोल कळते.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावात आम्ही आठ-दहा जण असे झाडवेडे आहोत. त्यात निवृत्त गुरुजी आहेत, एक रिक्षावाले आहेत, दवाखान्यात कंपाउंडरकी केलेले एक चाचा आहेत, कुणबीवाडीतल्या दोन वहिनी आहेत. रविवारी कोणाच्या तरी परसात जमायचे, अनंताची काडी, सोनचाफ्याचे रोप, गांडूळखताची पाटी एकमेकांस द्यायची, एवढाच आमचा कार्यक्रम. मंडळाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्षही नाहीत. म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले असावे असे मला वाटते. (व्यासपीठावरील मंडळींनी रागावू नये.)

आमच्यातल्या एक भाभी आंब्याच्या कलमांची लहानशी रोपवाटिका चालवितात. पती कुवैतला नोकरीस. घरी वृद्ध सासू आणि तीन मुले. कोय रुजवून वर आलेले रोप पंधरा-वीस दिवसांचे कोवळे असतानाच त्यावर हापूसची काडी बांधायची, याला कोय कलम म्हणतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने या रीतीचा कोकणात बराच प्रसार केला. भाभींनी त्या पावसाळ्यात अशी सहाशे कलमे बांधली होती. विक्री पुढच्या पावसाळ्यात व्हावयाची, म्हणजे वर्षभराची मेहनत त्या काळ्या पिशव्यांत उभी होती.

२०१७ सालचा ऑक्टोबर. पाऊस संपला होता, ऊन तापू लागले होते. पिशव्यांच्या बुडाशी घालावयास भाभी जुना पेंढा उचलीत होत्या. कुकरची वाफ सुटावी तसा आवाज आला आणि उजव्या हाताला घोणस चावली. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते.

येथे थोडे थांबून मी विद्यार्थ्यांना काही सांगणार आहे, कारण ऐन वेळी पुस्तक उघडावयास सवड नसते. आपल्याकडे माणसे दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांमुळे. त्यांतले फुरसे तर रत्नागिरीचे जुने रहिवासी. वीतभर लांबीचे, पण त्याला हलके समजू नये. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर काम करते. रक्त गोठण्याची शक्ती जाते, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते, आणि घोणशीचे विष मूत्रपिंडांनाही सोडीत नाही. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने गेली असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला आहे. त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली, शेतात आणि परसात राबणारी.

यावर औषध एकच, प्रतिविष. घोड्यांना थोडे थोडे विष टोचून, त्यांच्या रक्तातून ते तयार करतात. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष या चारही सापांवर चालते, म्हणून साप मारून दवाखान्यात नेण्याचे काही कारण नाही. त्याच्या मागे धावताना आणखी एकाला दंश होतो, एवढेच. आणि पालकांनी हे ध्यानात ठेवावे, की लहान मुलालाही प्रतिविष मोठ्या माणसाइतकेच लागते. पोर लहान आहे म्हणून साप विष कमी सोडीत नाही. डोस अर्धा द्या असा आग्रह धरणारे आजोबा मी पाहिले आहेत.

भाभींच्या घरी पहिली धावली ती शेजारची वहिनी, तीही मागीलदारानेच. तिने आधी हातातली अंगठी साबण लावून काढली आणि बांगड्या उतरविल्या. सासूबाईंना ते अशुभ वाटले. पण हात सुजू लागला म्हणजे अंगठी बोटात रुतते आणि बोट जाण्याची पाळी येते. दोन लाकडी पट्ट्यांमध्ये हात सैल बांधून स्थिर ठेवला. आवळपट्टी बांधली नाही, ब्लेड लावले नाही, चोखले नाही. कोणी भगताचे नाव काढले. कंपाउंडर चाचा एरवी मवाळ गृहस्थ, पण त्या दिवशी ते इतकेच म्हणाले, “भगताला बोलवायचे तर दवाखान्यात बोलवा, रिक्षा निघाली.” वाटेत त्यांनी ग्रामीण रुग्णालयात फोन करून प्रतिविष आहे ना, डॉक्टर आहेत ना, हे विचारून घेतले. सव्वासहाला सलाईन सुरू झाले होते.

तेथल्या तरुण डॉक्टरांनी एका कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेतले आणि वीस मिनिटे न हलविता ठेवले. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखे वाहिले. इतकी साधी परीक्षा, पण आम्ही बाहेर उभे असलेल्यांना ती वीस मिनिटे फार लांब वाटली. प्रतिविषाच्या दहा कुप्या गेल्या, सहा तासांनी पुन्हा परीक्षा करून आणखी दिल्या. रक्त गोठू लागले. दुसऱ्या दिवशी मात्र लघवी कमी झाली, आणि १०८ क्रमांकाच्या गाडीने त्यांना मोठ्या शहरातल्या रुग्णालयात न्यावे लागले. तेथे एक दिवसाआड डायलिसिस सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडे बहुधा सावरतील, पण तीन आठवडे तरी धीर धरा.

तीन आठवडे! आपल्या समाजात, आणि एकूणच आपल्या मुलखात, पहिल्या दिवसाला माणसांची उणीव नसते. पहिल्या दिवशी रुग्णालयाच्या पायरीवर चाळीस माणसे होती आणि जेवणाचे पाच डबे आले. रुग्णाला पाण्याचाही घोट मोजून द्यावयाचा होता, आणि भेटावयास आलेली मंडळी शहाळी घेऊन उभी! मूत्रपिंड बंद असताना शहाळ्याचे पाणी विषासमान, कारण त्यात पोटॅशियम असते. अकराव्या-बाराव्या दिवशी त्या पायरीवर कोणी नसते. खरे काम त्या दिवशी असते.

गुरुजींनी भाभींच्या रोपवाटिकेची वही घेतली. त्यात पुढून कलमांचा हिशेब होता. त्यांनी ती मागून उघडली आणि रकाने आखले: रात्र कोणाची, डबा कोणाचा, पाणी कोणाचे, मुलांजवळ कोण. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला राहू देत नाहीत, तेव्हा रात्रीच्या रकान्यात आमच्यापैकी एकाही पुरुषाचे नाव लिहिता आले नाही. कुणबीवाडीतल्या वहिनी, चाचांची पत्नी आणि भाभींची बहीण यांनी त्या रात्री वाटून घेतल्या. त्यांतल्या एका वहिनीची भातकापणी तेव्हा ऐन रंगात होती. तिचे भात दोन सकाळी आम्ही जाऊन कापले. गुरुजींचा विळा पाहून बायका हसल्या, पण भात कापले गेले.

पैशाचीही गंमत पाहा. भाभींच्या पतींनी कुवैतहून रक्कम ताबडतोब पाठविली. रजा आणि तिकीट मिळून ते स्वतः यावयास सातवा दिवस उजाडला. रक्कम भाभींच्या खात्यात, आणि भाभींचा उजवा हात कोपरापर्यंत सुजलेला. सही करणार कशी? आम्ही मंडळींनी मिळून बत्तीस हजार रुपये उभे केले आणि वहीत नावानिशी मांडले. ही वही कोणाला दाखवायची नाही असे ठरले होते. पुढे ते सर्व फेडले गेले. भाभींनी तसे बजावूनच सांगितले होते, आणि आम्हीही ‘राहू द्या’ असे म्हटले नाही. घेणाऱ्याला फेडू द्यावे, त्याची मान ताठ राहते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिसचा खर्च निघणार होता. पण शिधापत्रिकेवर भाभींचे नाव माहेरचे, आधारवर सासरचे. ते जुळविण्यात गुरुजींचे आणि थोरल्या मुलीचे दोन दिवस गेले. २०२४ पासून ही योजना राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू झाली असून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचाराची सोय आहे. परंतु नावच जुळत नसेल तर पाच लाख कागदावरच राहतात. धर्मादाय रुग्णालयांतही निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात. तेथेही पहिली मागणी कागदांचीच असते. माझी येथे बसलेल्या बंधूंना विनंती आहे, आज घरी गेल्यावर आपल्या पत्नीच्या नावाची ही दोन कार्डे शेजारी शेजारी ठेवून वाचा. जे परदेशी आहेत त्यांनी तर फोन करून वाचून घ्या.

आता त्या सहाशे पिशव्या. ऑक्टोबरच्या उन्हात पिशवीतले रोप दोन दिवस पाण्यावाचून राहिले की मान टाकते. शिवाय कलमाच्या बांध्याखाली खुंटावर फुटवे येतात. ते वेळीच खुडले नाहीत तर सारा जोर रायवळ खुंट खातो आणि वरची हापूसची काडी सुकते. हे फुटवे ओळखून काढण्याचे काम आमच्या मंडळींच्या मुलांनी केले. शाळेत जाण्यापूर्वी एक तास. पहिल्या दिवशी एका चिरंजीवांनी फुटव्याबरोबर चार काड्याही उपटल्या. चाचांनी त्याला ओरडण्याऐवजी बांधा बोटाने चाचपावयास शिकविले. सहाशेपैकी चाळीसेक कलमे गेली, बाकीची उभी राहिली. गमबूट मात्र सर्व मुलांच्या पायांत होते. ते गुरुजींनी आणले होते आणि त्याशिवाय कोणाला फाटकाच्या आत घेत नसत.

मला सर्वांत अधिक काळजी वाटली ती थोरल्या मुलीची. ती दहावीत होती. चौथ्या-पाचव्या दिवशी नातेवाइकांत कुजबूज सुरू झाली, की आई अंथरुणावर, आजी थकलेली, तेव्हा मुलीने यंदा शाळा राहू द्यावी आणि घर सांभाळावे. परीक्षा काय, पुढच्या वर्षीही देता येते. बोलणारी मंडळी वाईट नव्हती. त्यांना तोच एक मार्ग दिसत होता. पण आपण सर्व जाणतो, घरकामासाठी एक वर्ष थांबलेली मुलगी पुन्हा वर्गात किती वेळा दिसते ते. या संस्थेच्या हजेरीपटांवर अशी किती नावे मध्येच संपली असतील, हे आपल्या शिक्षिका भगिनी माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

गुरुजींनी वाद घातला नाही. त्यांनी वहीत आणखी एक रकाना आखला: सकाळचा स्वयंपाक. आणि त्या रकान्यात नावे भरेपर्यंत ते ओटीवरून उठले नाहीत. आजींनी स्वतःचेही नाव घालावयास लावले. भाकऱ्या मी भाजीन, पीठ कोणी मळून द्या, एवढेच त्यांचे म्हणणे. मुलगी एकूण पाच दिवस शाळेला मुकली. गणित ती संध्याकाळी गुरुजींकडे करी. २०१८ च्या मार्चमध्ये तिने परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाली. आज ती परिचारिका आहे.

भाभी चोविसाव्या दिवशी घरी आल्या. मूत्रपिंडे सावरली, हाताचे एक बोट अजून पुरते वाकत नाही. घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी त्यांनी पिशव्या मोजल्या आणि चाळीस कुठे गेली असे विचारले!

२०२२ साली आमच्या रिक्षावाल्या मित्राच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. सकाळी तोंड वाकडे झाले, शब्द अडखळू लागले. अशा वेळी रक्ताची गुठळी विरघळविण्याचे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन करावा लागतो, म्हणजे गावातून निघण्यास फारसा अवधी उरत नाही. रिक्षावाला स्वतःच बावरलेला. त्याच्याकडून किल्ली काढून घेऊन चाचांच्या मुलाने रिक्षा चालविली. आणि ते रस्त्याला लागेपर्यंत भाभी तीच वही घेऊन त्यांच्या मागीलदारी पोचल्या होत्या. रकाने आखून तयार. त्यांच्या अंगणातल्या मोगऱ्याला पाणी कोण घालणार तेही त्यात लिहिलेले होते, हे मी मुद्दाम सांगतो, कारण म्हातारबुवांना वाचा आल्यावर त्यांनी पहिली चौकशी त्या मोगऱ्याचीच केली.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या शाळेच्या मागे विहिरीलगत बरीच जागा मोकळी पडली आहे. मुख्याध्यापक साहेबांनी ती द्यावयाचे कबूल केले आहे, आणि भाभी येत्या जुलैमध्ये तेथे कोय कलम बांधून दाखविणार आहेत. इयत्ता आठवीपासूनच्या मुला-मुलींनी नावे द्यावीत. पालकांपैकी कोणी आले तर हवेच आहेत. हापूसच्या काड्या आम्ही आणू, कोयी तुम्ही जमवा. बाठा धुऊन सावलीत वाळवा, उन्हात नको. आणि येताना गमबूट घालून यावे, चपलेवर आलेल्याला आत घेतले जाणार नाही.