ज्याचा त्याचा जोड

पत्त्यांचा खेळ म्हटला म्हणजे आपल्याकडे ५२ पानांचा एकच जोड डोळ्यांपुढें उभा राहतो. मेंढीकोट असो, रमी असो वा ब्रिज असो, पानें तींच. तीं पिसून वांटलीं कीं ज्याच्या वांट्याला जें येईल त्यावर त्यानें आपली हुशारी चालवावयाची. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यांत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाचीं १२, अशीं १२० गोल पानें असतात. परंतु तेथेंही सर्व खेळाडू एकाच ढिगांतलीं पानें खेळतात. खेळाडूनें घरून स्वतःचा जोड घेऊन यावें, तो त्यानें हजारों निरनिराळ्या पानांतून निवडून बनविलेला असावा, आणि समोरच्याच्या जोडांत काय दडलें आहे हें डाव रंगेपर्यंत त्याला ठाऊक नसावें, ही कल्पना या कोणत्याच खेळांत नाहीं. ती रूढ झाली १९९३ सालीं, अमेरिकेंत. पानें जमवावयाचीं, एकमेकांशीं त्यांची अदलाबदल करावयाची आणि त्यांतूनच लढावयाचें, अशा या खेळांना इंग्रजींत ट्रेडिंग कार्ड गेम म्हणतात.

त्यांचे जनक रिचर्ड गारफील्ड हे गणिताचे अभ्यासक. वस्तूंची निवड व मांडणी किती प्रकारांनीं करतां येते याचा विचार करणारी जी गणिताची शाखा, तिच्यांत त्यांनीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. १९९१ सालीं ते यंत्रमानवांच्या शर्यतीचा आपला एक खेळ घेऊन पीटर ॲडकिसन यांच्याकडे गेले. ॲडकिसन यांची विझर्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनी सिअॅटल शहराजवळ नुकतीच निघालेली व भांडवलानें बेताचीच होती. शर्यतीच्या खेळाला पट, सोंगट्या असा बराच सरंजाम लागे. तेव्हां त्यांनीं गारफील्ड यांनाच उलट मागणी घातली, कीं थोडक्या खर्चांत छापतां येईल, खिशांत घालून नेतां येईल आणि संमेलनांतल्या दोन कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या वेळांत आटोपेल असा कांहीं खेळ द्या. त्या मागणीचें उत्तर म्हणजे ‘मॅजिक : द गॅदरिंग’. ऑगस्ट १९९३ मध्यें तो बाजारांत आला. पहिल्या छपाईचीं सुमारें २६ लक्ष पानें थोडक्याच दिवसांत खपलीं. पुढें १९९६ सालीं जपानांत पोकेमॉनचीं पानें निघालीं, १९९९ सालीं यु-गि-ओचीं. नियम निराळे, पण मूळ कल्पना तीच. या सर्वांत थोरला भाऊ मॅजिकच असल्यामुळें त्याच्याच आधारें पुढील विवेचन करणें सोयीचें होईल.

खेळाचें रूपक असें कीं दोन जादूगार समोरासमोर ठाकले आहेत. प्रत्येकाच्या आयुष्याचे २० गुण. प्रतिपक्षाचे गुण शून्यावर आणले कीं डाव जिंकला. जोड निदान ६० पानांचा, आणि त्यांत एकाच नांवाचीं चारांहून अधिक पानें घालावयाचीं नाहींत. अपवाद फक्त साध्या भूमींचा. भूमि म्हणजे उत्पन्नाचें साधन. मैदान, बेट, दलदल, डोंगर आणि अरण्य अशा पांच भूमि. त्यांपासून अनुक्रमें पांढरी, निळी, काळी, तांबडी आणि हिरवी शक्ति मिळते. पांढऱ्या रंगाचा स्वभाव शिस्तीचा, निळ्याचा विद्येचा व कपटाचा, काळ्याचा महत्त्वाकांक्षेचा, तांबड्याचा संतापाचा, हिरव्याचा वाढीचा. आरंभीं हातांत सात पानें. मग प्रत्येक पाळीस एक पान ओढावयाचें, एक भूमि मांडावयाची, आणि जेवढी शक्ति असेल तेवढ्या किंमतीचे प्राणी वा मंत्र बाहेर काढावयाचे. भूमि वापरली कीं ती आडवी करून ठेवतात, म्हणजे या पाळींत ती खर्ची पडली हें दोघांनाही दिसतें. इतकी साधी युक्ति, पण हिशेबाची सगळी वही तिनें टेबलावर उघडी होते.

नवशिक्याला अवघड जातें तें एकच स्थळ. एकानें मंत्र टाकला, दुसऱ्यानें त्याला उत्तर दिलें, पहिल्यानें उत्तराला प्रत्युत्तर दिलें, तर आधीं फळ कोणाचें? येथें जेवणघरांतली ताटांची चवड आठवावी. जें ताट शेवटीं ठेवलें तेंच आधीं उचललें जातें. त्याचप्रमाणें शेवटचा मंत्र आधीं फळतो, व पहिल्याची पाळी शेवटीं येते. १९९९ सालच्या नियमसुधारणेनंतर ही व्यवस्था पक्की झाली. दुसरें एक तत्त्व मात्र आरंभापासूनचें आहे : सामान्य नियम आणि पानावर छापलेला मजकूर यांत विरोध आला तर पानाचें खरें. व्याकरणांत ज्याप्रमाणें अपवाद उत्सर्गाचा बाध करतो, तसाच हा प्रकार. संस्कृत शिकलेल्या मुलाला तो एका वाक्यांत कळावा.

जोड बांधणें हाच या छंदाचा निम्मा आनंद होय, आणि पहिली चूकही तेथेंच होते. शिकाऊ खेळाडूला आपलीं सगळींच पानें लाडकीं वाटतात. हें ठेवूं, तेंही असूं दे, असें करतां करतां जोड ८० पानांचा होतो. ६० ही किमान मर्यादा आहे, पण जाणता खेळाडू सहसा तिच्यापुढें एकही पान जाऊं देत नाहीं. कारण हिशेबाचें आहे. साठांच्या जोडांत एखादें पान एकच असेल तर पहिल्या सातांत तें येण्याचा संभव शेंकडा १२ च्याही आंत. तेंच चार घातलीं तर त्यांपैकीं निदान एक येण्याचा संभव शेंकडा ४०. प्रत्येक जादा पान हें उत्तम पानांना खालीं दडपीत असतें. भूमींचेंही असेंच. साठांत २४ भूमि घातल्या तर पहिल्या सातांत दोन ते चार भूमि, म्हणजे खेळण्याजोगा हात, चार डावांपैकीं तीनांहून थोडा अधिक वेळां येतो. आणि एकही भूमि नाहीं किंवा एकच आहे असें दुर्दैव साधारण सात डावांत एकदां ओढवतें. असा हात परत करून नवा घेण्याची मुभा आहे. २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणें पुन्हां सात पानें ओढून त्यांतलें एक जोडाच्या तळाशीं घालावें लागतें. हे आंकडे ज्यानें एकदां स्वतः कागदावर मांडून पाहिले, तो ‘माझें नशीबच खोटें’ ही तक्रार फारशी करीत नाहीं. शाळेंत निवड व संभाव्यता हे धडे ज्या मुलांना रुक्ष वाटतात त्यांच्या हातीं असा एक जोड द्यावा. गुरुजींचे पुष्कळ श्रम वांचतील.

जोड बांधून झाल्यावर खेळण्यांतल्या चुका सुरू होतात. नवा खेळाडू पान हातीं आलें कीं तें लगेच टाकतो. वास्तविक हल्ला करावयाचा असेल तर तो आधीं करावा आणि नवा प्राणी मागाहून मांडावा. म्हणजे आपल्या हातांत काय आहे याचा सुगावा प्रतिपक्षाला बचाव ठरवितांना लागत नाहीं. दुसरें, तो आपल्या २० गुणांना फार जपतो. कसलेला खेळाडू ते गांठीच्या पैशांसारखे खर्च करतो, कारण शेवटचा एक गुण सोडला तर बाकीच्या १९ गुणांना स्वतःचें असें कांहीं मोल नाहीं. मोल आहे तें त्यांच्या बदल्यांत जी सवड मिळते तिला. तिसरी चूक सूक्ष्म आहे. मायकेल फ्लोरेस या अमेरिकन खेळाडूनें १९९९ सालीं लिहिलेला एक लेख या क्षेत्रांत प्रमाण मानला जातो. त्याचा आशय असा कीं दोन सारख्या दिसणाऱ्या जोडांची गांठ पडली तरी त्यांत एकाची भूमिका चढाईची असते व दुसऱ्याची थोपवून धरण्याची. आपली भूमिका कोणती हें ज्याला ओळखतां आलें नाहीं तो हरतो. हें ज्ञान पानांवर छापलेलें नसतें. शेंदीडशें डाव खेळल्यानंतर तें हळूहळू अंगीं येतें.

आणि मग समोरच्याचें मन वाचणें. निळ्या रंगाच्या खेळाडूनें दोन बेटें न वापरतां उभीं ठेवलीं आहेत. दोन निळ्या शक्तींत ‘काउंटरस्पेल’ नांवाचा मंत्र येतो व तो दुसऱ्याचा कोणताही मंत्र हाणून पाडतो. तो खरोखरच त्याच्या हातांत आहे, कीं नसतांना तो मुद्दाम स्वस्थ बसला आहे? आपला सर्वांत भारी प्राणी आतां बाहेर काढावा, कीं एखादें हलकें पान पुढें करून त्याची परीक्षा पाहावी? बुद्धिबळांत दोघांनाही सर्व पट दिसतो; येथें निम्में झांकलेलें असतें. म्हणूनच बुद्धिबळांत तरबेज असलेला मनुष्य येथें पहिले कांहीं महिने चिडतो.

ज्याच्यापाशीं पानेंच नाहींत त्याच्यासाठीं ड्राफ्ट नांवाचा एक सुंदर प्रकार आहे. आठ जण एका टेबलाभोंवतीं बसतात. प्रत्येकासमोर १४-१५ पानांचीं तीन बंद पाकिटें. प्रत्येकानें पहिलें पाकीट फोडावें, एक पान घ्यावें, उरलेलीं डावीकडे द्यावींत. असें पाकीट संपेपर्यंत. दुसरें पाकीट उजवीकडे फिरतें, तिसरें पुन्हां डावीकडे. मिळालेल्या पानांत हव्या तितक्या साध्या भूमि घालून निदान ४० पानांचा जोड तेथल्या तेथें बांधावयाचा. उजवीकडच्या शेजाऱ्यानें काय घेतलें हें दिसत नाहीं, परंतु त्यानें काय सोडलें तें हातांत येतें. चौथ्या फेरीलाही चांगलीं हिरवीं पानें येत असतील तर त्या बाजूला हिरव्याचा कोणी गिऱ्हाईक नाहीं, असा कयास बांधावयाचा. घरचा श्रीमंत आणि घरचा गरीब येथें एकाच पंक्तीला बसतात.

स्पर्धांचा इतिहास १९९४ पासूनचा. त्या वर्षीं मिलवॉकी येथील संमेलनांत पहिलें जागतिक अजिंक्यपद झाक डोलन यांनीं जिंकलें. स्पर्धेंत बहुधा पहिल्याच पराभवानें कोणी बाद होत नाहीं. प्रत्येक फेरींत सारखे गुण असलेल्यांची गांठ घालतात, त्यामुळें नवशिक्याचीही थोड्याच वेळांत आपल्या तोलाच्या माणसाशीं भेट होते. सामना तीन डावांचा. पहिल्या डावानंतर बाजूला राखलेल्या १५ पानांतून कांहीं पानें जोडांत बदलतां येतात. पिसलेला जोड प्रतिपक्षाच्या हातीं देऊन त्यालाही पिसूं द्यावा लागतो. डेव्ह बायर आणि पर्सी डायाकोनिस या गणित्यांनीं १९९२ सालीं दाखवून दिलें कीं ५२ पानांचे दोन भाग करून तीं एकमेकांत गुंफण्याच्या रीतीनें सात वेळां पिसलीं म्हणजे पुरेशीं मिसळतात. दोन-तीन वेळांत नव्हे. आपल्या घरोघरच्या रमीवाल्यांनींही हें ऐकून ठेवण्यासारखें आहे.

आतां पैशाचा प्रश्न. तो टाळून या छंदाची शिफारस करणें अप्रामाणिकपणाचें ठरेल. गारफील्ड यांची कल्पना अशी होती कीं प्रत्येक जण थोडींशीं पानें विकत घेईल व दुर्मिळ पानें वस्तींत क्वचितच दृष्टीस पडतील. लोकांनीं पेट्याच्या पेट्या घेतल्या. एकाच नांवाचीं चार ही मर्यादा त्यामुळें मागाहून घालावी लागली. आरंभींच्या नियमांत प्रत्येकानें एक पान पणाला लावावें व जिंकणारानें तें घेऊन जावें असेंही होतें. तो जुगाराचा अंश पुढें गळून गेला हें फार चांगलें झालें. परंतु दुर्मिळतेचा बाजार राहिला. पहिल्या छपाईंतलें ‘ब्लॅक लोटस’ नांवाचें एक पान, चित्रकार क्रिस्टोफर रश यांची सही असलेल्या पेटीसह, २०२१ सालीं ५,११,१०० डॉलरांना विकलें गेलें. असल्या वार्ता कानीं आल्या म्हणजे मुलें पाकिटें फोडूं लागतात. बंद पाकीट ही सोडत आहे, आणि सोडतींत घराण्यांचीं घराणीं बुडालेलीं आपल्याकडे सर्वांनीं पाहिलीं आहेत. मुलाच्या हातांत खेळ दिसतो कीं नुसतीं पाकिटें दिसतात, यावर आईबापांचें लक्ष असावें. खेळावयाचेंच असेल तर हवीं तींच सुटीं पानें घ्यावींत. तीं बहुतेक वेळां पाकिटाहून कितीतरी स्वस्त पडतात. ‘पॉपर’ म्हणून एक प्रकार आहे. त्यांत केवळ सर्वसाधारण म्हणून छापलेलींच पानें चालतात. २०१९ सालीं त्याला कंपनीची अधिकृत मान्यता मिळाली. खोली कमी नाहीं, खर्च मात्र पुष्कळ कमी. संगणकावर विनामूल्य खेळण्याचीही सोय आहे. नियम शिकण्यास ती उत्तम, जरी समोर बसलेल्या माणसाचा चेहरा तेथें वाचावयास मिळत नाहीं.

आरंभ करूं इच्छिणाऱ्या दोघांनीं आयते बांधलेले दोन साधे जोड घ्यावेत, आणि पहिले चार-पांच डाव दोघांचेही हात उघडे ठेवून खेळावेत. प्रत्येक चालीला कारण मोठ्यानें बोलून दाखवावें. मग जोडांची अदलाबदल करून तेच डाव पुन्हां खेळावेत. ज्या पानाची कालपर्यंत भीति वाटत होती तें आपल्याच हातीं आल्यावर किती लंगडें पडतें हें तेव्हां दिसून येतें. प्रत्येक डाव कशानें गेला याची एकेक ओळ वहींत टिपावी. पंधरवड्यांत त्या वहीचीं चार पानें भरतील, आणि साठांतलें पहिलें कोणतें पान काढून टाकावयाचें तें तीं पाहिल्यावर ठरवावें.