एकट्याचें पुरण

घरांत एकच माणूस उरला म्हणजे होळी पौर्णिमेस पुरणाचा घाट घालावा कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. मुलें परगांवीं, जोडीदार निवर्तलेला, "आतां कुणासाठीं करावयाचें?" असें म्हणून वरणभातावर भागविणारीं घरें थोडीं नाहींत. मला हें मान्य नाहीं. जिनें चाळीस वर्षें घरादाराला वाढलें, तिला स्वतःचें पान मांडतांना संकोच कां वाटावा? (एकट्या पुरुषांनींही हें ऐकावें; पुढील कृति त्यांनाही साधण्याजोगी आहे.)

अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ पुरे. तीन-चार पोळ्या होतात. पाणी मात्र सढळ ठेवावें, नाहींतर आमटीपुरता कट निघत नाहीं. डाळ बोटचेपी झाल्यावरच गूळ घालावा. तो आधीं पडल्यास डाळ पुढें शिजत नाहीं. पातेलें लहान व जाड बुडाचें घ्यावें, कारण मोठ्या भांड्यांत इतकेंसें पुरण पसरतें आणि करपतें. उलथणें मधोमध उभें राहिलें म्हणजे झालें. गरम असतांनाच तें चाळणीवर वाटीनें घासावें. एवढ्यासाठीं पुरणयंत्र काढूं नये, धुण्याचेंच काम अधिक!

उणीव भासते ती आग्रहाची. "आणखी अर्धी घ्या" म्हणणारें कोणी नसतें. तेव्हां नैवेद्य दाखवून पाटावर बसावें, तूप स्वतःच सढळ हातानें वाढून घ्यावें, आणि ती अर्धीही घ्यावी. उरलेली पोळी धुळवडीच्या सकाळीं तव्यावर परतून दुधाबरोबर फार छान लागते. मुरलेली कटाची आमटीही त्या दिवशीं भाताला होते.