मातीतून काय येते? सुझा आणि गायतोंडे यांच्या शैलीविषयी



‘शैली मातीतून येते’ हे विधान आपण साहित्याच्या चर्चेत फार सहज करतो. ते तपासण्यासाठी मी आज दोन चित्रकारांची उदाहरणे घेतो.

फ्रान्सिस न्यूटन सुझा आणि वासुदेव गायतोंडे दोघेही १९२४ साली जन्मले. सुझा साळगावचे. गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा, पण घराणे मूळचे गोव्याचे. दोघेही मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करण्यात सुझा पुढे होते. नंतर गायतोंडेही त्यात आले. मूळ, शाळा, काळ आणि संगत इतकी जवळची. पण चित्रे शेजारी ठेवली तर त्यांच्यात काही नाते असेल असे वाटत नाही.

सुझांची रेषा जाड, काळी, चेहऱ्याभोवती कुंपण घातल्यासारखी. डोळे कपाळावर चढलेले, दात विचकलेले. चर्चच्या रंगीत खिडक्यांत काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या असतात. ही रेषा पाहताना मला त्या आठवतात. कॅथलिक गोवा इथे आहेच. पण लंडनच्या टेट संग्रहातले त्यांचे १९५९ चे ‘क्रूसिफिक्शन’ पाहा. त्यातला काळा, काटेरी ख्रिस्त भाविकाला दिलासा देत नाही. गावाने प्रतिमा दिली. तिच्याकडे अशा रागाने पाहणे सुझांचे स्वतःचे.

गायतोंडे यांच्या सुरुवातीच्या चित्रांतही माणसे होती, रेषा होती. भारतीय लघुचित्रे आणि पॉल क्ले यांचे संस्कार त्यांत दिसतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत माणसे नाहीशी झाली. रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन ते रंगाचा थर चढवत, खरवडत, पुन्हा चढवत. उरते ते थरांमागून येणाऱ्या उजेडासारखे काही. आपल्या कामाला ‘अमूर्त’ म्हटलेले त्यांना रुचत नसे; ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ हा शब्द ते पसंत करीत.

म्हणजे माती सामग्री देते. त्यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे कलावंत वर्षानुवर्षे काम करत ठरवतो, आणि त्या निवडीलाच आपण पुढे शैली म्हणतो.

हे आपल्याला का महत्त्वाचे? महाराष्ट्राबाहेर मराठीत लिहिणाऱ्या तरुणांकडून ‘इथले काहीतरी’ मागितले जाते. मग कथेत देऊळ, जत्रा आणि बोलीतले चार शब्द येतात, आणि शैली सापडली असा समज होतो. ती केवळ सामग्री असते. दुसरीकडे, आपण शिक्षक चित्रकारांवर लिहितो तेव्हा जन्मगाव, पुरस्कार आणि ‘आपला माणूस’ एवढ्यावर लेख संपवतो. चित्राबद्दल त्यात एक वाक्यही नसते.

म्हणून विद्यार्थ्यांना एक काम सुचवतो. सुझांचे एक आणि गायतोंडे यांचे एक चित्र समोर ठेवा. प्रत्येकावर मराठीत दहा वाक्ये लिहा. जन्मस्थान नको, सन्मान नकोत, ‘भावपूर्ण’ हा शब्द नको. फक्त रेषा, रंग, थर, मोकळी जागा. चौथ्या-पाचव्या वाक्याशी शब्द अडतील. तिथे थांबा, चित्राकडे पुन्हा पाहा आणि शब्द शोधा. आपल्या कलासमीक्षेला त्या शब्दांची गरज आहे.